बाबांच्या बुटातलं बटण

प्रिय आई आणि बाबा,

तुमच्या पायांचा आणि बुटांचा विषय मी फोनवर तीनदा काढला. पहिल्यांदा बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला, दुसऱ्यांदा आई "हो गं, बघू" म्हणाली आणि तिसऱ्यांदा नेमकी रेंज गेली. (गेली की घालवली, बाबा?) म्हणून पत्र. ते मध्येच कट करता येत नाही.

मागच्या वेळी मी घरी आले होते तेव्हा जोड्यांचा कप्पा आवरताना बाबांचा उजवा बूट उपडा केला आणि आतून शर्टाचं बटण पडलं. बाबा खूश. "अगं, हे तर मी परवापासून शोधतोय!" परवापासून. म्हणजे दोन दिवस तुम्ही त्या बटणावरून फिरायला जात होता आणि शोधत होता कपाटात. आपण तिघंही पोट धरून हसलो. मग तुम्ही मोजा काढलात, तर चवड्याखाली बटणाएवढा लाल गोल उमटलेला. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे तेव्हा सांगितलं नव्हतं.

बाबा, तुमचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे. "मला काही दुखत नाही." अहो, तेच तर! बटण टोचायला हवं होतं. मधुमेह जुना झाला की पायांच्या नसा हळूहळू मंदावतात, सुरुवात बोटांच्या टोकांपासून होते, आणि ती इतकी सावकाश होते की काही गेलंय हे ज्याचं जातं त्यालाच कळत नाही. पॉल ब्रँड नावाचे एक शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात हातापायाची बोटं आपोआप सडून गळतात असाच तेव्हा समज होता. ब्रँड यांच्या लक्षात आलं की रोग फक्त संवेदना नेतो. पुढची नासधूस होते ती न जाणवलेल्या चटक्यांनी, खिळ्यांनी, घट्ट चपलांनी. दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. मग वेल्लोरला सच्छिद्र मऊ रबराच्या, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला बनवायला सुरुवात झाली. पुढे हीच समज मधुमेहींच्या पायांनाही लागू पडली. तुमचं बटण त्या गोष्टीतलंच आहे.

आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. तुम्ही नेहमी म्हणता, "बूट कसा अंगासरशी बसला पाहिजे." जाणीव कमी झालेल्या पायाला बरोबर मापाचा बूट सैल वाटतो. घट्ट असेल तरच 'पायात काहीतरी आहे' असं वाटतं. म्हणून माणूस नकळत लहान नंबर घेतो. दोन वर्षांत तुमच्या दोन्ही करंगळ्यांवर घट्टे आलेत, ते उगीच नाहीत. यापुढे बूट बसला की नाही हे तुमच्या पायाला विचारायचं नाही, बाबा. तो खोटं बोलतो. हाताला विचारायचं, डोळ्यांना विचारायचं, नाहीतर आईला.

"मी कॉलेजपासून आठ नंबर घालतो," हेही आता सोडा. पाय म्हणजे २६ हाडांची मोट आहे आणि ती बांधून ठेवणारे अस्थिबंध वयाबरोबर सैलावतात. कमान थोडी खाली बसते, पाय लांबतो, त्याहून जास्त पसरतो. टाचेखालची चरबीची गादीही विरते. शिवाय नंबर म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, कधीकाळी जवाच्या एका दाण्याची लांबी धरलेला. युरोपीय मापात तोच टप्पा सेंटिमीटरचा दोन तृतीयांश. आणि दोन कंपन्यांचे आठ नंबर एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. खोक्यावरचा आकडा नुसता सुरुवात कुठून करायची ते सांगतो.

आता आईकडे वळते, कारण ती गालात हसत असणार.

आई, तुझी तऱ्हा उलटी. तुला दुखतं, पण तू सांगत नाहीस. सकाळी पलंगावरून उतरलीस की पहिली चार पावलं भिंत धरून टाकतेस, मग जरा चाललीस की बरं वाटतं, आणि दुपारभर बसून उठलीस की पुन्हा तेच. तळव्यात टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो. रात्री पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा आखडतो, आणि सकाळचं पहिलं पाऊल त्याला एकदम ताणतं. म्हणून उतरण्याआधी पलंगावरच बसून टॉवेल चवड्याखालून घ्यायचा आणि दोन्ही टोकं स्वतःकडे ओढायची, अर्धा मिनिट, असं तीन-चारदा. पोटरीही ताणायची. एका दिवसात गुण येणार नाही, महिने लागतात. पण तू घरभर ज्या सपाट, पातळ सपाता घालतेस (त्या माझ्या दहावीच्या वर्षातल्या आहेत, मला आठवतंय), त्या आधी टाकून दे. घरात घालायलाही वेगळा जोड हवा, मागे पट्टा असलेला. मागून उघड्या सपाता पायात टिकाव्यात म्हणून बोटं सतत आवळून धरावी लागतात, आणि एखाद्या दिवशी उंबऱ्यापाशी ती सपात पायाआधी निघते. नुसते मोजे घालून गुळगुळीत फरशीवर चालणं तर त्याहून वाईट. हे दोघांनाही.

आणि तुझे ते खोक्यातले बूट! मी आणून दिले, तू "कुठे जाताना घालीन" म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलेस. चार वर्षांनी घातलेस आणि जिना उतरेपर्यंत तळ भुगा होऊन गळला. तुला वाटलं दुकानदाराने फसवलं. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण बुटांच्या तळात पॉलियुरेथेन नावाचा फेस (फोम) वापरलेला असेल तर हवेतल्या दमटपणाने तो आपोआप फुटत जातो, घातला नाही तरीही. बंद पिशवीत दमट हवा कोंडली की उलट लवकर. पायीची वहाण पायीच बरी म्हणतात ना, ते इथे अगदी शब्दशः घे.

आता नवे घ्यायचे तर कसे, ते लिहिते. दुकानात विसराल म्हणून हा कागद खिशात ठेवा.

संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात. सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो. रोज घालता तेच मोजे नेऊन दोन्ही पायांत घालून बघा, कारण बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, आणि माप मोठ्या पायाचं घ्यायचं. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. सर्वांत लांब बोट म्हणजे अंगठाच असेल असं नाही. आई, तुझं दुसरं बोट लांब आहे. रुंदी पाहायला एक खात्रीची युक्ती: आतला सुखतळा, म्हणजे पायाखालचा सुटा थर, बाहेर काढायचा (सुखतळा! बूट बनवणाऱ्यांनी काय शब्द ठेवलाय), जमिनीवर ठेवून त्यावर उभं राहायचं. बोटं किंवा चवडा कडेबाहेर सांडत असेल तर तो बूट तुमचा नाही, सेल्समन काहीही म्हणो. "घालून घालून सैल होतील" हे तो म्हणणारच. तेव्हा ठेवून द्यायचे आणि उठायचं.

मग तीन गोष्टी हाताने करायच्या. टाचेमागची बाजू दोन बोटांनी दाबा. ती सहज चेपली तर टाच धरून ठेवायला तिथे काही नाही. बुटाचं पुढचं आणि मागचं टोक धरून वाकवा. तो बोटं वाकतात तिथे वाकला पाहिजे, मधोमध घडी पडली तर परत करा. शेवटी ओला कपडा पिळतो तसा पिळून बघा. पिळला गेला तर कमानीला आधार काय कपाळाचा देणार! टाच अडीच सेंटिमीटरपेक्षा उंच नको, तळ रुंद आणि न घसरणारा हवा, वर नाडी किंवा वेल्क्रो हवं, म्हणजे सूज असेल त्या दिवशी सैल करता येईल. बाबांचं वाकणं आता जिवावर येतं, तेव्हा त्यांना वेल्क्रोच.

मऊपणाबद्दल मात्र मला दोघांशी भांडायचंय. आई बुटात अंगठा दाबते आणि "ढगासारखं आहे गं" म्हणते. अंगठ्याला काय कळतंय! चालताना दर पावलाला अख्खं वजन पडतं. खूप जाड आणि खूप मऊ तळ त्याखाली डगमगतो, जमीन कुठे आहे हे पायाला नीट कळत नाही आणि वयस्कर माणसाचा तोल जायला ते पुरेसं होतं. थोडी गादी हवी, पण खाली घट्ट पाया हवा. बाबांच्या पायाला गादी थोडी जास्त लागेल, आणि आत शिवण किंवा उंचवटा अजिबात नको. अस्तरावरून बोट फिरवून बघायचं. त्यांच्यासाठी खोलगट, पायाच्या साच्यावरून केलेला सुखतळा लागतो का, हे मात्र डॉक्टरांनी ठरवायचं, मी नाही.

डॉक्टरांवरून आठवलं. वर्षातून एकदा पायांची तपासणी, बाबा. दहा मिनिटं लागतात. डोळे मिटायला सांगतात, नायलॉनचा एक धागा तळव्याला वाकेपर्यंत टेकवतात. तो १० ग्रॅम दाबाला वाकेल असाच केलेला असतो. तो कळला नाही तर पायाची राखण कमी झाली असं समजायचं. सूरकाटा (ट्यूनिंग फोर्क) लावून त्याची थरथर कळते का, तेही बघतात. सुई नाही, रक्त नाही. तेव्हा "घाबरतो की काय मी" हे ऐकवू नका, कारण मला शंका आहे की तुम्ही त्या उत्तरालाच घाबरता.

नवे बूट आणले की पहिल्या दिवशी घरातच तासभर. काढल्यावर आईने तळवे बघायचे, लाल डाग राहिला का ते. मग रोज थोडा वेळ वाढवायचा. आणि रोज, न चुकता, घालण्याआधी बूट उपडा करून झटकायचा, आत हात घालून चाचपायचा. रात्री पाय बघायचे. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. फोड, कातडी फुटणं, एका जागी गरम लागणं, काहीही दिसलं तर "उद्या बघू" नाही, त्याच दिवशी डॉक्टर. कुरूप ब्लेडने कापायचं नाही. त्यावरच्या औषधी पट्ट्यांत आम्ल असतं, ते चांगली कातडीही खातं, आणि तुम्हाला कळणार नाही. पाय शेकायला गरम पाणी नको. कोरड्या टाचांना क्रीम लावा, बोटांच्या बेचक्यांत नको.

बुटांची देखभाल बाबांवर सोपवते, तुम्हाला शिस्तीची आवड आहे. दोन जोड आलटून पालटून घाला. घाम पूर्ण सुकायला एक दिवस लागतो. भिजले तर सुखतळा काढून आत कागदाचे बोळे कोंबा आणि सावलीत, वाऱ्याला ठेवा. कडक उन्हात किंवा हीटरजवळ ठेवले की डिंक सुटतो, फेस आक्रसतो. वॉशिंग मशीनमध्ये टाकायचे नाहीत. (आई, तुला म्हणतेय.) ओल्या फडक्याने पुसले, ब्रशने माती काढली की झालं. नाडी न सोडता, टाच चेपून पाय घुसवणं बंद. शूहॉर्न (बूट चढवताना टाचेमागे धरायची पट्टी) पाठवतेय, लांब दांड्याचा.

महिन्यातून एकदा बूट टेबलावर ठेवून मागून डोळ्यांच्या रेषेत बघा. टाचेची बाहेरची कड थोडी झिजते, ते ठीक. पण बूट आत किंवा बाहेर कलंडलेला दिसला, तळावर चुण्या राहायला लागल्या की तो वरून कितीही चकाकत असला तरी संपला. चालण्याच्या बुटांचा फेस साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो. बाबा रोज ३ किलोमीटर चालतात. हिशेब तुम्हीच करा, माझ्यापेक्षा पक्का आहे तुमचा. मागचे बूट तुम्ही किती वर्षं वापरलेत तेही त्यात धरा.

मी पुढच्या महिन्यात येतेय, तेव्हा तिघं मिळून घ्यायला जाऊ. त्याआधी एक काम आहे. संध्याकाळी कोऱ्या कागदावर उभं राहून पायांची रेघ काढून पाठवा, दोन्ही पायांची, मोजे घालून. पेन्सिल सरळ उभी धरायची, तिरकी धरली की पाय बारीक दिसतो. स्वतःची स्वतः काढायची नाही, वाकलं की वजन सरकतं. बाबांची आईने काढा, आईची बाबांनी. मग बाबांचे आत्ताचे बूट त्यांच्या कागदावर ठेवा आणि रेघ किती बाहेर राहते ते बघा. मला फोटो पाठवा. कुठला कागद कोणाचा ते लिहा. मी ओळखेन, तरी लिहा.

तुमची,
तीच, जिला तुम्ही लहानपणी "उलटे बूट घातलेत गं" म्हणून रोज दारातून परत बोलवायचात

ता. क. बटण शर्टाला लावलं का?