बाबांच्या १२१० चं इंजिन बांधून झालं, सगळ्यांचे आभार

बाबांच्या जुन्या टाटा १२१० ट्रकचं सहा सिलिंडरचं इंजिन अंगणातच उतरवलं आणि तिथंच बांधलं. ज्यांच्यामुळे हे जमलं, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. शेजारच्या दादांनी इंजिन उचलायला चेनपुली दिली. उद्यमनगरातल्या काकांनी क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) ग्राइंड केल्यावर प्रत्येक जर्नल, म्हणजे त्याचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, मायक्रोमीटरने मोजून दाखवलं आणि त्याच अंडरसाइजच्या, म्हणजे घासून कमी झालेल्या मापाला बसणाऱ्या, बेअरिंग घ्यायला बजावलं.

सगळ्यात मोठे उपकार निवृत्त मिस्त्रींचे. एवढ्या वयात उन्हात बसून त्यांनी १-५-३-६-२-४ या फायरिंग ऑर्डरने (सिलिंडर पेटण्याच्या क्रमाने) माझ्याकडून टॅपेट लावून घेतले, म्हणजे व्हॉल्व्हची फट गेजने मोजून जुळवून घेतली. 'गेजची पात जरा घासत निघाली पाहिजे,' म्हणत प्रत्येक व्हॉल्व्ह पुन्हा तपासायला लावला. अशी शिकवणारी माणसं भाग्यानेच भेटतात.

मिस्त्री, पहिल्या फेरीला बाबांशेजारी तुम्हीच बसायचं. नाही म्हणू नका.