पिल्लू एकटे आहे, पण टाकलेले नाही

ती. आई व ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या घरट्याचे थेट प्रक्षेपण तुम्ही दोघे रोज पाहता, हे ऐकून बरे वाटले. मात्र पिल्लाला एकटे सोडून त्याचे आईबाप दिवसदिवस फिरकत नाहीत, म्हणून आईच्या जिवाची घालमेल होते असे बाबांनी कळवले. त्यासाठीच हे सविस्तर लिहीत आहे.

आई, त्याला कोणी टाकलेले नाही. नोव्हेंबरात घातलेले एकुलते एक अंडे नर-मादीने पाळीपाळीने जवळजवळ अकरा आठवडे उबवले आणि पिल्लू बाहेर आल्यावरही पहिला महिनाभर दोघांपैकी एक जण घरट्यावर हजर असेच. आता पिल्लाला अंगची ऊब टिकवता येते आणि त्याची भूक एकाच्या खेपांनी भागणारी नाही, म्हणून दोघेही समुद्रावर असतात. परतलेल्या पक्ष्याची चोच पिल्लू कसे टकटक ठोकत राहते ते नीट पाहा. मग ते आपली चोच त्याच्या उघड्या चोचीत आडवी घालते आणि त्याच्या पोटातून वर आलेले माकूळ-मासळीचे तेलकट अन्न गिळते. हा प्रकार थोडक्यात उरकतो, त्यामुळे तेवढाच हुकला की पिल्लू दिवसभर उपाशी राहिले असे वाटते.

बाबांना रेंजरने पिल्लाला उचलून वजन करणे खटकते. मला ते योग्यच वाटते. न्यूझीलंडमधील तैआरोआ हेडच्या या वसाहतीतून पहिले पिल्लू १९३८ साली सुखरूप उडाले, तेही पक्षी-अभ्यासक लान्स रिचडेल यांनी राखण केली म्हणून. माणसाने आणलेली मांजरे आणि स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी) तिथे अजूनही धोक्याचे आहेत; तेव्हा वजन घटलेल्या पिल्लाला संवर्धन खात्याने वरचे अन्न भरवले, तर ती ढवळाढवळ नव्हे.

पुढे पिल्लू आईबापांहूनही जड होईल, मग उडण्याआधी वाळेल. तेव्हा घाबरू नका. सप्टेंबराच्या सुमारास ते वाऱ्यावर पंख पसरून एकदाचे जाईल आणि काही वर्षे जमिनीला पाय लावणार नाही. आईबापही वर्षभर समुद्रावरच काढतील. त्यामुळे येत्या नोव्हेंबरात कॅमेऱ्यात बहुधा दुसरीच जोडी दिसेल. पायांतील रंगीत कडी पाहिल्याशिवाय तिला हीच समजू नका.

तुमची लेक