‘सोंग’ हा शब्द मागे घ्या

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला, झोपेत चालणाऱ्यांवरचा ‘झोपेचं सोंग’ हा लेख वाचला आणि कालचा अख्खा दिवस अस्वस्थतेत गेला. लेखकांनी मेहनत घेतली असेल. पण सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही ही म्हण मथळ्यातच वापरून त्यांनी निकाल आधीच देऊन टाकला, मग खाली कॅनडातल्या केनेथ पार्क्सची हकिकत कशाला सांगितली?

सांगितली तीही अर्धीच. २४ मे १९८७ च्या पहाटे तो पिकरिंगहून तेवीस किलोमीटर गाडी चालवत सासुरवाडीला गेला, सासूचा जीव घेतला, सासऱ्यांना जबर जखमी केलं, एवढं छापलंत. त्यानंतर तो आपल्या पायांनी पोलिस ठाण्यात गेला, ‘माझ्या हातून माणसं मारली गेली असावीत’ म्हणाला, त्याच्या हातांच्या कंडरा (स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्या) तुटल्या होत्या तरी त्याला वेदना जाणवत असल्याचं दिसत नव्हतं, हे का गाळलं? सासूचा त्याच्यावर जीव होता. खटल्यात पाच तज्ज्ञांनी तो झोपेत होता अशी साक्ष दिली, ज्यूरीने १९८८ मध्ये त्याला सोडलं आणि १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. असा माणूस काहीही देखरेख न ठेवता सोडावा का, हा प्रश्न मलाही पडतो. तिथले सरन्यायाधीश लॅमर यांनाही पडला होता, त्यांनी त्या एका मुद्द्यावर वेगळं मत नोंदवलं. पण त्याला सोंग म्हणणं निराळं.

आणि अशा बचावाला न्यायालयं सरसकट भुलतात असंही नाही. ॲरिझोनातल्या स्कॉट फालेटरने १९९७ मध्ये बायकोवर चव्वेचाळीस वार केले, कपडे बदलले, चाकू आणि रक्ताचे कपडे गाडीच्या डिकीत लपवले. झोपेत होतो म्हणाला. ज्यूरीने ऐकलं नाही, जन्मठेप झाली. आपल्याकडेही मद्रास उच्च न्यायालयाने १९५९ च्या एका निकालात, तान्ह्या बाळासह विहिरीत उडी घेतलेल्या आईचा हा बचाव नाकारला होता.

विहिरीवरून सांगते. माझा धाकटा भाऊ दहा-अकरा वर्षांचा असताना एका रात्री दाराची कडी काढून परसातून थेट विहिरीपर्यंत गेला. आई मागोमाग धावली. हा कठड्यावर बसलेला, डोळे टक्क उघडे. तिने आरडाओरडा केला नाही, फक्त हळूच म्हणाली, ‘चल बाळा, निजायला चल.’ तो मुकाट्याने आला आणि झोपला. सकाळी पायांना लागलेला चिखल बघून त्याला रडू कोसळलं, कारण त्याला काहीच आठवत नव्हतं. त्यानंतर आई रोज रात्री त्याच्या पायाला दोरी बांधून दुसरं टोक आपल्या मनगटाला बांधायची. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं काहीतरी आहे, देवऋषाकडे न्या. वडिलांनी नेलं नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

नववीत तो तालुक्याच्या वसतिगृहात राहायला गेला. तिथे दोरी कोण बांधणार? मध्यरात्री दुसऱ्या मुलाच्या उघड्या ट्रंकेजवळ उभा सापडला. ट्रंकेतली एक वस्तूही गेली नव्हती. रेक्टरांनी विचारलंसुद्धा नाही. ‘सोंगं करू नकोस,’ असं सगळ्या मुलांदेखत सुनावलं, पहाटेपर्यंत अंगणात उभं केलं आणि दुसऱ्या दिवशी वळकटी देऊन घरी धाडलं. वडील भेटायला गेले तर त्यांना दारातूनच परत पाठवलं. पुढे भावाने १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली. गावात ‘ट्रंकवाला’ हे नाव मात्र त्याला चिकटलं ते चिकटलंच. चाळीस वर्षांहून अधिक काळ गेला, तो अजून कुणाकडे मुक्कामाला राहत नाही.

लेखासोबतच्या चित्रातला माणूस डोळे मिटून, दोन्ही हात पुढे करून चालतो आहे. असं कुणी चालत नाही हो! डोळे उघडे असतात, म्हणूनच तर बघणाऱ्याला तो जागा वाटतो. गाढ झोपेतून मेंदू अर्धवटच जागा होतो, बहुतेकदा रात्रीच्या पहिल्या प्रहरांत, आणि हा त्रास पुष्कळदा घराण्यात चालत येतो. कुठल्याही मेंदूविकारतज्ज्ञाला एक फोन केला असता तर हे कळलं असतं.

पत्रांची जागा हल्ली जाहिरातींमुळे अर्ध्यावर आली आहे. मागच्या खेपेस माझ्या पत्राचा शेवट कापला गेला, म्हणून ही विनंती शेवटी न ठेवता मथळ्यातच केली आहे. ती तेवढी कापू नका.

भाऊ तुमचं दैनिक रोज वाचतो. रविवारची पुरवणी मी त्याला दिलेली नाही.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा
(भावाच्या घरच्यांसाठी नाव छापू नये.)