कणीक ताणून पाहणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर, सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. कुणी आभार मानायला लागलं की तुम्ही खिडकीबाहेर बघायचात, आणि आता तर तुम्ही नाहीच. तरी पन्नास वर्षं राहून गेलेलं पत्र एकदाचं लिहून टाकते.

१९७१ साली मी सोलापुराहून इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीला आले. ह्यांची नोकरी मोटारीच्या कारखान्यात. तिकडे दवाखान्याला ‘सर्जरी’ म्हणतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ‘उद्या सर्जरीला जायचंय’ असं हे म्हणाले तेव्हा मी घाबरून विचारलं होतं, कापणार काय? पुढच्या वर्षी लेक झाली. सात-आठ महिन्यांपर्यंत चांगली गुटगुटीत. मग वरचं अन्न सुरू केलं, दुधात कुस्करलेली चपाती, रव्याची खीर, आणि पोर वाळत चालली. पोट नगाऱ्यासारखं, हातपायांच्या काड्या, दिवसभर किरकिर. एका इस्पितळात मला सांगण्यात आलं की हे तुमच्या तिखटामुळे, नाहीतर भारतातून काहीतरी आणलं असणार. पोरीने भारत पाहिलासुद्धा नव्हता. आणि तिखट तिच्या जिभेला लागलेलंच नव्हतं. पण मला तेव्हा इंग्रजीत भांडता येत नव्हतं.

तुम्ही संध्याकाळी घरी आलात, कोट खुर्चीवर टाकलात आणि विचारलंत, ही खाते काय? मी अडखळत सांगायला लागले तशी म्हणालात, करूनच दाखवा. मी परातीत कणीक मळली. तुम्ही एक गोळा उचलून दोन्ही हातांनी ताणलात. तो रबरासारखा लांबत गेला. मग विचारलंत, तुमच्या गावीही रोज हेच खातात का? मी ओशाळून म्हटलं, नाही, गावी भाकरी. चपाती पाहुणे आले की, नाहीतर सणाला. इंग्लंडात येऊन मी रोज सण साजरा करत होते, दुसरं काय!

भाकरीचं पीठ ताणलं जातं का, हा तुमचा पुढचा प्रश्न. नाही हो, ताणलं जात नाही म्हणून तर उकळतं पाणी घालून मळायचं, हाताने थापायची, लाटायला गेलं की चिरते. एवढं सांगायला मला हातवारे करावे लागले. तुम्ही हसलात. तो ताण नसलेलंच पीठ हवंय, म्हणालात. गव्हातल्या ज्या गोष्टीमुळे कणीक लांबते तिला ग्लूटेन म्हणतात, आणि तीच काही मुलांच्या आतड्याचं अस्तर झिजवते, हे मी त्या दिवशी स्वयंपाकघरात उभ्याने शिकले. पुढे बारीक नळीला लावलेली कुपी गिळवून आतड्याचा कण काढला, तपासला, आणि ‘सीलिअ‍ॅक’ हा शब्द आमच्या घरात आला तो कायमचा. गहू बंद केल्यावर वजन सावकाश वाढलं. किरकिर मात्र दोन आठवड्यांतच थांबली. ती हसली, आणि मी मोरीत जाऊन रडले.

गव्हाऐवजी मी तांदळाच्या पिठावर निभावत होते. आईला कळवलं, तर ते दुष्काळाचं वर्ष. रेशनवर अमेरिकेची मिलो नावाची लाल ज्वारी, रोजगाराच्या कामावर खडी फोडायची, तिथे सुकडी वाटायचे. तिने कुठून आपली ज्वारी मिळवली देव जाणे, पण कडक भाकऱ्यांचा डबा पाठवला. पापडासारख्या, महिना-महिना टिकणाऱ्या. चुरा करून दुधात भिजवायचा. हे तुम्हाला सांगत होते, आणि दुष्काळाचं नाव निघालं तेव्हा तुम्ही पहिल्यांदा विमानाचं बोललात.

लँकेस्टर हे बाँबफेकी विमान, माणसं सात, आणि तुम्ही एकवीस वर्षांचे पायलट. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातल्या पश्चिम हॉलंडमध्ये लोक ट्युलिपचे कंद उकडून खात होते. २९ एप्रिल १९४५ला विमानं निघाली तेव्हा अन्न टाकू देण्याच्या करारावर जर्मनांची सही व्हायची होती, तोफा तुमच्या रोखाने फिरत होत्या, आणि बाँबच्या जागी होती पिठाची पोती आणि डबे. पाचेकशे फुटांवरून, पॅराशूटशिवाय टाकायचे. एका शेतात फुलांनी इंग्रजीत आभार लिहिलेले वरून वाचता आले, हे सांगतानासुद्धा तुम्ही खिडकीकडे पाहत होतात.

त्याच भुकेत हेगच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाचा संशय पक्का झाला होता. गव्हावर त्याची नजर युद्धाआधीपासून होती. पाव मिळेनासा झाला तशी त्याची सीलिअ‍ॅकची मुलं सुधारली, आणि पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. १९५०मध्ये त्याने यावर प्रबंध लिहिला. तुम्ही तेव्हा वैद्यकीचे विद्यार्थी. “त्यातलं थोडं पीठ माझंही असेल,” म्हणालात, आणि माझ्या परातीकडे बघितलंत.

बाँबफेकीबद्दल मात्र कधी बोलला नाहीत. ब्रिटिश हवाई दलाच्या बाँबर कमांडच्या सव्वा लाख वैमानिकांपैकी ५५,५७३ गेले, हे मला लंडनच्या ग्रीन पार्कमधलं स्मारक २०१२मध्ये उघडलं तेव्हा बातम्यांतून कळलं. ज्या कॉव्हेंट्रीत तुम्ही नाडी बघायचात तिथल्या जुन्या कॅथीड्रलच्या भिंती १९४०च्या जर्मन बाँबफेकीपासून बिनछपराच्या उभ्या आहेत. तुम्ही कधी तिकडून आमच्याबरोबर गेलात तर पावलं भराभर टाकायचात. डॉक्टर का झालात, असं मी एकदा विचारलंही. “लढाईहून परतलेल्यांची फी सरकार भरत होतं,” एवढंच उत्तर.

तुमच्या बॅगेत स्टेथोस्कोपशेजारी एक कडक भाकरी कागदात गुंडाळून ठेवलेली मी पाहिली होती. मार्मलेड, म्हणजे संत्र्याचा मुरांबा, लावून खाता म्हणालात. मला ते पटलं नव्हतं, अजूनही पटत नाही.

लेक आता पन्नाशीची आहे. भाकरी माझ्यापेक्षा पातळ थापते. तिने तुमच्या मुलाकडे एक डबा पाठवलाय. मार्मलेड त्यांचं त्यांनी बघावं.