कोजागिरीच्या क्विझचे प्रश्न, आणि एक संपाचा

प्रिय आई आणि बाबा,

बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलायला लागले की शेजारच्यांना वाटतं इथे भांडण चाललंय, म्हणून सगळं टाइप करून पाठवतेय. आई, तू चष्मा लावून त्यांना मोठ्याने वाचून दाखव, मध्ये मध्ये स्वतःचं घालू नकोस, म्हणजे घातलंस तरी चालेल.

गणपतीहून आल्यापासून एकाच गोष्टीत अडकलेय. आमच्या सोसायटीत दरवर्षी कोजागिरीला गच्चीवर दूध आणि भेंड्या असतात, यंदा कमिटीच्या डोक्यात आलं की ऐंशीच्या दशकावर क्विझ ठेवूया, टीव्ही, सिनेमा, क्रिकेट, बातम्या सगळं, आणि त्या काळात शाळेत असलेली बाई म्हणून मला पकडलं. मी पण हौसेने हो म्हटलं. आता रोज रात्री जेवण झालं की वही घेऊन बसते, आणि हा इथे हसतो की तुझी दहावी पुन्हा आलीय वाटतं.

सोपे प्रश्न चटचट झाले. राकेश शर्मा अंतराळात कधी गेला, तर एप्रिल १९८४. मारुती ८०० पहिल्यांदा आली तेव्हा किंमत काय होती, तर ४७,५०० रुपये, आपल्या चाळीत तेव्हा सायकलसुद्धा दोघांकडे मिळून एक होती त्यामुळे मला तो प्रश्न घालताना काही वाटलंच नाही. सचिन-कांबळीची ६६४ ची पार्टनरशिप आझाद मैदानावर, १९८८, हे तर इथलं शाळकरी पोरगं पण सांगेल. मला खरी मजा आली ती एकात एक गुंतलेल्या प्रश्नांत.

हे बघा. १९८२ च्या जुलैत बंगलोरला कुलीच्या शूटिंगमध्ये अमिताभला पोटात लागलं, मग मुंबईला ब्रीच कँडीत आणलं, सगळा देश देवळात जाऊन बसला होता. फाइट सीनमध्ये समोर कोण होता? पुनीत इस्सार. आणि तोच पुढे महाभारतात दुर्योधन झाला! मामाला हे सांगितलं तर तो म्हणतो, बरोबरच आहे, लोकांचा राग काढायला दुसरा रोल मिळालाच नसता त्याला. पिक्चर १९८३ च्या डिसेंबरात आला तेव्हा तो सीन मध्येच थांबवून पडद्यावर लिहून दाखवलं होतं की इथे लागलं. आई, तू नि मावशी बघायला गेला होतात ना, आणि मला घरी ठेवलं होतंत, ते मी अजून विसरलेले नाही.

दुसरा. १९८३ च्या ऑस्करमध्ये भारताला पहिलं ऑस्कर मिळालं ते कोणाला? सगळे रिचर्ड ॲटनबरो, बेन किंग्सले म्हणणार, पण ती माणसं कुठे आपली. उत्तर आहे भानू अथैया, गांधी सिनेमाचे कपडे केले त्यांनी, आणि बाई मूळच्या कोल्हापूरच्या. हा प्रश्न मी मुद्दाम शेवटच्या राउंडला ठेवलाय कारण आमच्या बी विंगमध्ये कोल्हापूरकर भरपूर आहेत आणि त्यांना उत्तर आलं नाही तर मला बघायचंय.

बाबा, तुमच्या आवडीचा पण घेतलाय. चार्ल्स शोभराज. १९८६ च्या मार्चमध्ये तिहारमधून पळाला, वाढदिवस आहे सांगून पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध घातलेली मिठाई चारली, आणि तीन आठवड्यांनी गोव्यात पर्वरीच्या एका हॉटेलात बसला असताना मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंड्यांनी धरला. गंमत म्हणजे झेंड्यांनीच त्याला १९७१ मध्ये पण पकडलं होतं. तुम्ही तो पेपर कितीतरी दिवस उशाखाली ठेवला होतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात की बघा, अख्ख्या दिल्लीला जमलं नाही ते आपल्या माणसाने केलं. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, मार्च १९८७, ऑपेरा हाऊसची खोटी रेड! पेपरात जाहिरात देऊन पोरं गोळा केली, ताजमध्ये इंटरव्ह्यू घेतले, सीबीआयची रेड आहे सांगून बसमध्ये घालून मोठ्या ज्वेलरकडे नेलं, आणि साहेब दागिन्यांची बॅग घेऊन गेला तो गेलाच, आजपर्यंत सापडला नाही. बिचाऱ्या पोरांना वाटत होतं आपल्याला सरकारी नोकरी लागली. मला त्या चोरापेक्षा त्या पोरांचं जास्त वाटतं, नोकरीच्या जाहिरातीवर डोळे लावून बसणारी माणसं मी जवळून बघितलीयत.

मराठी सिनेमाचं एकच घेतलं, अशी ही बनवाबनवी, १९८८, आणि प्रश्न असा की हा कुठल्या हिंदी सिनेमावरून घेतलाय, तर बीवी और मकान, १९६६ चा. डायलॉग विचारले असते तर क्विझच संपली नसती, पोरांना अख्खा पिक्चर पाठ आहे आणि तो त्यांच्या जन्माआधीचा आहे. टीव्हीचं तर काय सांगू. रामायण १९८७ च्या जानेवारीत सुरू झालं, रविवारी सकाळी रस्त्यावर कुत्रं नसायचं, आणि आपण सगळे दोन नंबरच्या काकींच्या खोलीत कोंबलेले, काकी आधी टीव्हीला हळदकुंकू वाहायच्या, उदबत्ती लावायच्या, त्या धुरात अर्धा वेळ राम दिसायचाच नाही. त्यांच्या ब्लॅक अँड व्हाइटवर ती रंगीत काच लावलेली आठवते? वर निळी, मध्ये लालसर, खाली हिरवी. देशात कलर टीव्ही १९८२ ला एशियाडच्या वेळी आला, आपल्याकडे तो त्या काचेच्या रूपाने आला, आणि सीता कायम कमरेपासून खाली हिरवी. शनिवारचा मराठी पिक्चर, रविवारचा हिंदी, छायागीत, गजरा, प्रदीप भिडेंच्या बातम्या. सिनेमाला काकी मुलांकडून चार आणे घ्यायच्या, रामायणाला मात्र नाही, देवाचं असतं म्हणायच्या.

आता मुख्य सांगते.

परवा कमिटीची मीटिंग झाली, मी प्रश्न वाचून दाखवले. त्यात एक होता: मुंबईतला कोणता संप आजपर्यंत अधिकृतपणे मागे घेतलेला नाही? उत्तर तुम्हाला माहितीये, ८२ चा गिरणी संप. कमिटीतले एक काका म्हणाले, ताई, हा काढा हो, कोजागिरीला लोक हसायला येतात, मूड जातो, ऐंशीचं दशक म्हणजे कसं मस्त दशक. ते बोलले ते वाईट मनाने नाही, ते तेव्हा विलेपार्ल्यात होते, बँकेत नोकरी होती, त्यांचं दशक मस्तच गेलं असेल. मी तिथे काही बोलले नाही, पण घरी येऊन वही उघडली आणि प्रत्येक प्रश्नासमोर आपल्या घरात तेव्हा काय चाललं होतं ते लिहीत गेले.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. एशियाड झालं, देशात कलर आला, तेव्हा बाबा घरी बसले होते. अमिताभसाठी आपल्या चाळीतल्या पोरांनी अनवाणी सिद्धिविनायक केला तेव्हा पण तुम्ही घरी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोलिसांनीच संप केला, मिलिटरी रस्त्यावर आली, आई मला खिडकीतून ओढून आत घेत होती एवढंच मला आठवतं. आणि ८३ चा वर्ल्ड कप! मी त्यावर चार प्रश्न काढलेत. १८३ आणि ४३ रन्स सगळ्यांना येतं, म्हणून मी विचारलंय की त्या १४ जणांत मुंबईचे किती, तर पाच, गावसकर, वेंगसरकर, संदीप पाटील, शास्त्री आणि बलविंदर संधू, संधूला लोक विसरतात आणि त्यानेच तर फायनलला ग्रीनिजची दांडी उडवली, त्याने बॅट वर घेऊन बॉल सोडला होता. दुसरा प्रश्न बक्षिसाचा. बोर्डाकडे पैसे नव्हते म्हणून लता मंगेशकरांनी दिल्लीत कार्यक्रम केला आणि त्यातून खेळाडूंना एकेक लाख दिले. हे मला माहीतच नव्हतं, वाचून अंगावर काटा आला.

पण २५ जूनच्या रात्री लालबागमध्ये फटाके फुटत होते तेव्हा बाबा मुंबईत नव्हते. दीड वर्ष पगार नाही, गावाला लावणीची माणसं हवीत, म्हणून तुम्ही गेला होतात, आणि सकाळी एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर रेडिओच्या बातम्यांत ऐकलंत. तुम्ही हे कितीदा सांगितलंय, पण दरवेळी क्रिकेट म्हणून सांगता. तुम्ही तिथे का होतात ते वाक्य गाळता. आई, तू पण गाळतेस. तू साड्यांना फॉल-पिको करायचीस, आणि संध्याकाळी तीन माणसांचे डबे, ते मी बघितलंय, मला सात-आठ वर्षांच्या पोरीएवढं सगळं कळत होतं. तुझ्या पाटल्या कधी गेल्या हे मात्र नाही कळलं. एका गणपतीला होत्या, पुढच्या गणपतीला काचेच्या बांगड्या, आणि तू म्हणालीस हाताला टोचतात.

मला ह्याचं रडगाणं करायचं नाहीये हां. मला राग येतो तो वेगळाच. इथे आमच्या पिढीला १९८५ ला शास्त्रीने वानखेडेवर सहा सिक्स कोणाला मारले ते पाठ आहे, तिलक राज, बडोदा. १९८७ च्या सेमीफायनलला त्याच वानखेडेवर गूच स्वीप मारमारून ११५ करून गेला आणि गावसकर शेवटच्या मॅचला ४ वर आउट झाला ते पण पाठ आहे. आणि जवळजवळ अडीच लाख माणसं एका दिवशी कामावर गेली नाहीत आणि त्यातली कितीतरी नंतर कधीच परत गेली नाहीत, हे जनरल नॉलेज नाही? संपाचे पुढारी दत्ता सामंत मुळात एमबीबीएस डॉक्टर, घाटकोपरला दवाखाना होता, आणि इंदिरा गांधींच्या हत्येनंतर राजीव गांधींची लाट असताना १९८४ ला ते मुंबईतून काँग्रेसला पाडून खासदार झाले, संप तोपर्यंत हरल्यात जमा होता तरी गिरणगावाने निवडून दिलं. ह्यात इंटरेस्टिंग काय नाहीये मला सांगा. मिल होती तिथे आता टॉवर आहे, आमच्या ऑफिसातली एक मुलगी तिथे राहते, तिला वाटत होतं लोअर परेलच्या नावातलं लोअर म्हणजे खालच्या भावाचं असेल. चांगली पोरगी आहे, हुशार आहे, पण तिला सांगणार कोण.

तर प्रश्न मी ठेवलाय. काकांना सांगितलं की हा पाच मार्कांचा आहे, ज्याला येईल त्याला डबल मसाला दूध. ते हसले, हो म्हणाले, म्हणजे तेवढं सोपं होतं.

पण उत्तर सांगताना मला दोन वाक्यं पुढची बोलायचीयत आणि ती माझ्याकडे नाहीत, तुमच्याकडे आहेत. बाबा, १७ तारखेला शेवटची पाळी कुठली केलीत, पहिली की रात्रपाळी? खात्यात त्या दिवशी लोक काय बोलत होते, दोन महिन्यांत मिटेल असं वाटत होतं की आधीच भीती होती? परत कामावर घ्यायला सुरुवात झाली तेव्हा तुम्ही गेटवर गेला होतात का, की गेलाच नाहीत? मी लहानपणी विचारलं की तुम्ही पेपर वर धरायचात. आता मी पन्नाशीच्या घरात आले, आता तरी सांगा. चिडून सांगितलंत तरी चालेल, डॉक्टरांवर चिडा, युनियनवर चिडा, मालकांवर चिडा, मला काय आदर्श वगैरे नकोय. आई, तुझी बाजू वेगळी सांग, त्यांच्या समोर नको, ते मध्ये बोलतात.

लिहायला हात थरथरतो म्हणताय तर लिहू नका, पुतण्याला सांगा, त्याच्या मोबाइलमध्ये रेकॉर्डिंग करून व्हॉट्सॲपवर टाकेल, एकदम सगळं नको, दहा-दहा मिनिटं. पंखा बंद करून करा, मागच्या वेळी नुसता पंखाच ऐकू आला.

बाबांच्या प्रेशरच्या गोळ्या संपत आल्या असतील, इथून पाठवू की कणकवलीला मिळतायत ते कळवा. आगळ अजून आहे, लगेच पाठवायची घाई नको. आणि वर मी मुंबईच्या पाच जणांची नावं दिलीयत ती बाबांना सांगू नकोस आई, आधी त्यांना विचार, बघूया संधू आठवतो का.

तुमची,
बाय