अण्णांची गॅसची गोळी

प्रिय दिल्या,

पत्र बघून हसशील. फोनवर विषय काढला की अण्णा आतून ओरडतात, "कुणाला सांगतोयस रे माझं?" बाकी सगळे ठीक. माझी शुगर काठावर, नेहमीचंच.

अण्णांना हृदयात स्टेंट बसवल्यावर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या, सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ नये म्हणून पँटोप्राझोल, आम्ल कमी करणारी, अण्णांच्या भाषेत 'गॅसची गोळी'. मध्यंतरी कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, ही गोळी किडन्या खाते. झालं! अण्णांनी परस्पर बंद केली. थोड्याच दिवसांत रात्री छातीत अशी आग की शेजारी धावत आले. गोळी एकदम सोडली की दबलेलं आम्ल काही काळ उलट जास्तच बनतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. ईसीजी हातात येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे काका. "गॅस झालाय, सोडा आण." पुढचं तुला काय लिहू?

ईसीजी नीट आला. तर दुसऱ्या दिवशी औषधवाल्याने पँटोप्राझोल नाही म्हणून ओमेप्राझोल दिलं. म्हणे, "एकच असतं हो." कुठलं एकच! यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे क्लोपिडोग्रेल कामाला लागतं, तेच ओमेप्राझोल अडवतं. बदलून मागितली तर मलाच विचारतो, "तुम्ही डॉक्टर का?" तू असतास तर शटर पाडलं असतंस. हॉस्टेलवर मिसळीनंतर रॅनटॅक खाणारा तू, आणि उधारी माझ्या नावावर! त्यातलं रॅनिटिडीन २०२० मध्ये अमेरिकेने एनडीएमए या कर्करोगाचा धोका असलेल्या अशुद्धीमुळे बाजारातून काढायला लावलं. तुला काय, तू दगड पचवशील.

आता रोजचं भांडण वेळेचं. न्याहारीआधी अर्धा तास घ्यायची. खाल्लं की जठरातले आम्लाचे पंप चालू होतात, तेव्हा औषध रक्तात हजर हवं. अण्णा आधी पोहे हाणतात आणि मग गोळी घेतात. आईची तऱ्हा वेगळी. तिला गरज नसताना "घरात आहेच" म्हणून तीही रोज घ्यायची! डॉक्टर आता तिची गोळी हळूहळू कमी करतायत, शिवाय शुगरचं मेटफॉर्मिनही चालू आहे आणि दोन्हींनी बी-१२ जीवनसत्त्व घटू शकतं, म्हणून ते तपासायला सांगितलंय. अण्णांना बजावलंय, शौचाला डांबरासारखी काळी झाली तर पोटात रक्तस्राव असू शकतो, लगेच सांगा. तेव्हापासून ऐन चहाच्या वेळी खणखणीत आवाजात रोजचा अहवाल असतो.

वहिनींची बदली रद्द झाली का? चिनूची दहावी ना यंदा? काकूंना नमस्कार. आणि तू स्वतःचा ईसीजी काढलास का, तेवढं लिही. थापा नकोत.

तुझा,
विज्या