आमच्या गायडिंग लायनना जाहीर पत्र

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

गायडिंग लायन म्हणून, म्हणजे नव्या क्लबला वाट दाखवणारे अनुभवी लायन म्हणून, तुमची दोन वर्षांची मुदत संपली. सत्काराला तुम्ही नको म्हणालात, शाल-श्रीफळ तर त्याहून नको. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत.

तालुक्याच्या गावात लायन्स क्लब काढायचा म्हटल्यावर लोक काय बोलणार, ते ठरलेलंच होतं : 'कोट घालून फोटो काढायचे धंदे!' आमच्यातल्या काहींना खरोखर कोटच हवा होता, आता सांगायला हरकत नाही. चार्टरसाठी, म्हणजे नव्या क्लबच्या अधिकृत मान्यतेसाठी, किमान 20 सभासद लागतात. पहिल्या यादीत अडते, डॉक्टर, बिल्डर, पतसंस्थेचे चेअरमन अशी वजनदार मंडळी होती. तुम्ही यादी वाचून एवढंच विचारलंत, "यातलं रविवारी सकाळी सतरंज्या उचलायला कोण येईल?" निम्मी नावं तिथंच गळाली. मग कंपाउंडर आले, जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी आले, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आले आणि स्टेशनरीचं दुकान चालवणारी मीही आले. स्त्रियांना लायन्सचं सभासदत्व 1987 साली खुलं झालं; आमच्याकडे मात्र अजून 'वहिनींना लायन लेडी म्हणून पुढच्या रांगेत बसवू' यावरच भागत होतं. तुम्ही मला फॉर्म दिलात आणि वर सेक्रेटरीपदही गळ्यात घातलंत.

सगळ्यात मोठे आभार मात्र दोन बँक खात्यांसाठी. सभेचा चहा, हॉलचं भाडं, आंतरराष्ट्रीय वर्गणी हे सगळं सभासदांच्या पैशातून. लोकांकडून सेवेसाठी घेतलेला पैसा दुसऱ्या खात्यात, आणि त्यातला रुपयाही इकडे वळवायचा नाही. नियम सगळ्याच लायन्स क्लबांना आहे, पण तो पाळून घेणारा माणूस सगळ्यांना मिळत नाही. स्वयंसेवकांच्या वडापावचं बिल कुठल्या खात्यातून द्यायचं, यावर आपल्याकडे केवढा वाद झाला! कुणीतरी वैतागून खिशात हात घातला, तर तोही तुम्ही अडवलात. सभासदांच्या खात्यातूनच चेक निघाला. तो हिशोब आम्ही मार्केट यार्डात लावला, तेव्हापासून ज्या अडत्यांनी आम्हाला दारातून परतवलं होतं, तेच आता पावतीपुस्तक घेऊन या म्हणतात.

आणि मोतीबिंदूचं शिबिर. हेलन केलर यांनी 1925 साली लायन्सना अंधांसाठी उभं राहण्याची हाक दिली, हे पदग्रहणाच्या दर भाषणात येतंच. तुम्ही भाषण न करता थेंबांच्या बाटल्या मोजत होतात. तपासणी झाली, साखर आणि बीपी बघून पेशंट निवडले, बस जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन आली, काळे चष्मे लावून सगळ्यांचा फोटोही निघाला. आमच्या लेखी शिबिर संपलं होतं. तुमच्या लेखी तिथून सुरू झालं. पेशंटची यादी वाड्या-वस्त्यांप्रमाणे लावून तुम्ही ती आमच्यात वाटलीत : घरी जायचं, थेंब टाकताना स्वतः बघायचं, फोनवर 'हो हो' ऐकून परत यायचं नाही. माझ्या वाट्याच्या एका आजी दिवसाआड थेंब टाकत होत्या. का, तर बाटली लवकर संपू नये! फोनवर हे कधीच कळलं नसतं.

तुमचा रागही आठवतो. बॅनरवर पाहुण्यांचे फोटो मोठे आणि शिबिराची तारीख बारीक, हे पाहून तुम्ही तो उतरवायला लावलात. काहीजण दुखावले, एकाने क्लब सोडला. मला तेव्हा तुम्ही जरा जास्तच कडक वाटलात, आजही थोडे वाटता.

शेजारच्या बाजारपेठेच्या गावातली मंडळी क्लब काढायचा म्हणून परवा भेटायला आली होती. आपला क्लब स्पॉन्सर व्हायला तयार आहे. त्यांची यादी सोबत जोडली आहे. सतरंज्यांचा प्रश्न मी विचारून झाला. बाकीचं तुम्ही बघा. 1 जुलैच्या पदग्रहणाला येताना खुणा करून आणा. उशीर केलात तर टेल ट्विस्टर, म्हणजे सभेत गमतीचा दंड वसूल करणारे आपले पदाधिकारी, दंड घेतील, आणि तो कुठल्या खात्यात जमा करायचा ते तुम्हीच सांगा.

आपली,
चार्टर सेक्रेटरी